खर्ज, मांडव आणि प्रोसेसर
बेस गिटारसाठी मल्टि-इफेक्ट निवडणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात ऑर्केस्ट्राच्या सुपारीची घासाघीस होऊन आकडा खाली आला, की पथकातून पहिला वजा होतो तो बेस गिटारवाला. गायक कमी करता येत नाही. ढोलकीशिवाय भीमगीत उभे राहत नाही. की-बोर्ड लागतोच आणि ऑक्टोपॅडवाल्याकडे अर्धे तालवाद्यांचे दुकान एका पाटीत असते. उरतो तो मागच्या कोपऱ्यात उभा असलेला, निवेदक ज्याचे नाव सगळ्यांत शेवटी घेतो तो माणूस. त्याचे काम की-बोर्डवाल्याचा डावा हात करतो, नाहीतर पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक करतो. खरे सांगायचे तर पुष्कळ वेळा समोरच्या श्रोत्यांना फरक कळतही नाही.

फरक कळत नाही, कारण बेस गिटार वाजत असतानाही ती त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते. मांडवात तिचे दोनच प्रकार होतात. एक तर ती ऐकूच येत नाही, किंवा ऐकू येते ती नुसता घुमारा म्हणून, ज्यात सूर कोणता ते ओळखता येत नाही. ‘भाऊ, बेस लय घुमून रायला’ असे साऊंडवाला ओरडतो, मिक्सरवरची तिची पट्टी खाली ओढतो आणि उरलेला कार्यक्रम वादक स्वतःसाठी वाजवतो. मल्टि-इफेक्ट पेडल, म्हणजे आपल्याकडचे वादक ज्याला नुसते ‘प्रोसेसर’ म्हणतात ते यंत्र, या परिस्थितीत काय करू शकते आणि काय करू शकत नाही, एवढ्याच प्रश्नाभोवती ही पुस्तिका लिहिली आहे. कोणत्या यंत्रात किती इफेक्ट आहेत याची मोजदाद ज्यांना हवी असेल, त्यांना ती खोक्यावर छापलेली मिळेल.

इथला बेसवादक वाजवतो कुठे, ते आधी पाहिले पाहिजे. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवाची गर्दी असते. १४ एप्रिलला सुरू झालेले भीमगीतांचे कार्यक्रम गावोगाव मे महिन्यापर्यंत चालतात. गणपती, नवरात्र आणि त्यानंतर कोजागरीपासून खामगावला मोठ्या देवीचा उत्सव. शेगावच्या वाटेवर भक्तिगीतांच्या मंचांची कमी नाही. लग्नसराईतली हळद आणि स्वागतसमारंभ वेगळेच. महाविद्यालयीन मुलांना संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो आणि बेस पहिल्यांदा हातात धरणारे बरेच जण तिथूनच येतात. या यादीत बंदिस्त सभागृह जवळजवळ नाही. कापडी मांडव, मैदान, मंदिरासमोरचा चौक, शाळेचे पटांगण, मंगल कार्यालयाची पत्र्याची शेड. साऊंड सिस्टिम दर वेळी दुसऱ्याची, वीज दर वेळी दुसऱ्या खांबावरची.

प्रोसेसर मात्र निवडला जातो तो मोबाइलवर व्हिडिओ पाहून. याला पर्यायही फारसा नसतो. बुलढाणा, मेहकर किंवा चिखलीहून निघून बेसचे तीन-चार प्रोसेसर शेजारी ठेवून वाजवून पाहायचे म्हटले तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते, आणि बुलढाणा शहराला तर अजून रेल्वेही नाही. व्हिडिओतला माणूस शांत खोलीत, उत्तम मायक्रोफोन आणि हेडफोन घेऊन बसलेला असतो. त्याच्या खोलीत जनरेटर नसतो, ढोलकी नसते आणि अठरा इंची बेस बॉक्सची भिंतही नसते. त्याला जे गोड लागते ते मलकापूरच्या मैदानावर मातीत जाते. यात त्याची लबाडी नाही. त्याचा आणि आपला प्रश्न वेगळा आहे, इतकेच.

बेसवादकाच्या जागी यंत्र ठेवण्याची कल्पना आजची नाही. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा उभ्या, अवजड डबल बेसला गळ्यात अडकवता येईल असा पर्याय मिळाला. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातही ही गिटार स्थिरावली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ यांच्यासारख्या गोवेकर वादकांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यानंतर तीस वर्षांनी, १९८१ मध्ये, जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी काढली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसवाल्याची सोबत मिळावी हा तिचा हेतू होता. बेसवाल्यासारखी ती मुळीच वाजली नाही. तीन वर्षांत उत्पादनही बंद पडले.

पण मुंबईतले चरणजित सिंग या डबीकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. ते स्वतः चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत बेस गिटार आणि की-बोर्ड वाजवणारे, लग्नसमारंभांतही वाद्यवृंद घेऊन जाणारे कसबी वादक. त्यांनी सिंगापूरहून टीबी-३०३ आणली, तिच्या जोडीला टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेतला आणि १९८२ मध्ये दहा रागांना डिस्कोचा ताल देणारी तबकडी एचएमव्हीकडून काढली. तेव्हा कोणी फारशी विकत घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि शिकागोच्या ॲसिड हाउस संगीताआधी काही वर्षे मुंबईत एका वादकाने तसलाच आवाज काढला होता, हे पाहून लोक थक्क झाले. सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. त्यांची गोष्ट इथे सांगायचे कारण असे, की त्या डबीत खर्जात नेमके काय चालले आहे हे ऐकणारा कान बेसवादकाचा होता. बेसवादकाला हटवायला आलेले यंत्र बेसवादकानेच वापरून दाखवले. आज की-बोर्डचा डावा हात आणि पेन ड्राइव्ह यांच्यापुढे उभ्या असलेल्या मुलाने एवढे लक्षात ठेवावे.

मल्टि-इफेक्टचा इतिहास मात्र लवकर सांगून होण्यासारखा आहे. आधी प्रत्येक इफेक्टची वेगळी डबी असे. बॉसचा ओसी-२ ऑक्टेव्ह १९८२ चा. टेक २१ च्या सॅन्सॲम्प मालिकेतला बेस ड्रायव्हर १९९४ चा, आणि ॲम्प्लिफायर नसतानाही मिक्सरमध्ये थेट पिन लावून भरीव आवाज काढण्याची सवय बेसवाल्यांना लावली ती बरीचशी त्यानेच. दरम्यान १९८८ मध्ये बॉसने एमई-५ हा पायाने चालवायचा एकत्रित संच काढला होता. पुढे हे सगळे काम संगणकाच्या चिपकडे गेले. झूम, बॉस, लाइन सिक्स यांनी किमती आणि आकार खाली आणले आणि आता चिनी कंपन्यांनी ते आणखी खाली नेले आहेत. आतला गणिती दर्जा आज बहुतेक यंत्रांत पुरेसा आहे. म्हणून निवड करताना आतल्या आवाजापेक्षा यंत्राची पाठ आधी पाहावी, म्हणजे पिना कुठल्या, वीज किती आणि कसली. हे माझे मत आहे आणि दुकानदाराला ते आवडत नाही.

आता थोडे आकडे. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला ४१ कंपने होतात. त्यावरच्या तारा ५५, ७३ आणि ९८. भोंग्यातून ३०० हर्ट्‌झच्या खालचे जवळजवळ काहीच निघत नाही. मोबाइलच्या इवल्या स्पीकरचीही तीच गत. म्हणजे कार्यक्रमाचा जो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावभर फिरतो त्यात बेसचा मूळ सूर असतच नाही. तरीही काही वादकांचा बेस त्यात ऐकू येतो. तारेतून मूळ सुरासोबत त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनेही निघत असतात. ती वरची कंपने कानावर पडली की खालचा न वाजलेला सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. ओव्हरड्राइव्ह नावाचा इफेक्ट हीच वरची कंपने वाढवतो. रॉकवाल्यांचा म्हणून भक्तिगीतवाले त्याला हात लावत नाहीत. पण ‘खरखर ऐकू येणार नाही, फक्त सूर पुढे येईल’ इतपत तो लावला, तर साध्या सिस्टिमवर बेस सापडतो.

यात एक अट आहे. गिटारसाठी बनवलेला ओव्हरड्राइव्ह बेसला लावला की खालचा भाग पातळ होतो. म्हणून बेसच्या यंत्रात मूळ कोरा आवाज आणि इफेक्टचा आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळण्याची सोय हवी. तिला ब्लेंड म्हणतात, काही यंत्रांत मिक्स. ही सोय नसलेला गिटारचा प्रोसेसर मित्राकडून स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये.

कंप्रेसर हा दुसरा, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. जोराने वाजलेला सूर तो दाबतो, हळू वाजलेला वर आणतो. भीमगीतात बेस ढोलकीच्या जोडीने चालतो. ढोलकीची धुम आणि बेसचा ठोका यांत एक मोठा, एक लहान झाला की ताल लंगडतो. शिकाऊ हातात ही असमानता असतेच, आणि तीन तास वाजवल्यावर तयार हातातही येते. पण कंप्रेसर कुठवर उपयोगी आहे तेही कळले पाहिजे. आपल्याकडचे बेस बॉक्स बहुधा किकचा धक्का बसावा म्हणून ५०-६० हर्ट्‌झच्या आसपास जोर धरणारे असतात. मोकळी ए तार ५५ वर आहे. तिच्यावर बोट पडले की मांडव हादरतो आणि शेजारचे सूर गायब होतात. हे सगळे कंप्रेसरच्या पुढे, स्पीकरमध्ये घडते, म्हणून तो कितीही फिरवला तरी उपयोग नसतो. तिथे ईक्यू लागतो, तोही नुसता बेस-मिड-ट्रेबल असा नव्हे, नेमकी जागा पकडून तेवढीच कापणारा पॅरामेट्रिक. सगळ्या आवाजांवर एकदम लागू होणारा ग्लोबल ईक्यू असेल तर फारच उत्तम. गाव बदलले की तेवढाच बदलायचा, बाकी मांडणी तशीच. लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पमध्ये तो आहे. स्वस्त यंत्र घेताना पॅरामेट्रिक ईक्यूचा एक कप्पा तरी रिकामा राहतो का, हे आधी विचारावे.

ढोलकीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. खर्जात दोन वाद्यांना पुरेल इतकी जागा नसते. ढोलकीची धुम चालू असताना बेसने सूर लांब धरून ठेवला की दोन्ही मिळून चिखल होतो. यावर उपाय बोटांत आहे. सूर छोटा घ्यावा, उजव्या हाताचा तळवा तारेवर हलकेच टेकवावा. या कामासाठी कोणतेही बटण अजून निघालेले नाही.

सगळ्यांत जास्त रक्त आटवणारी गोष्ट म्हणजे हम. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते आणि अर्थिंग नीट नसले की तेच ५० हर्ट्‌झ स्पीकरमधून घुमते. आता बेसच्या पट्टीवर पाहा. जाड तारेवरचा तिसरा पडदा म्हणजे ४९ हर्ट्‌झ, पेटीच्या भाषेत पांढरी पाच. चौथा पडदा जवळजवळ ५२, म्हणजे काळी चार. हम या दोघांच्या बरोबर मध्ये बसलेला असतो. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर बेसचा खालचा षड्ज आणि हम यांची टक्कर होऊन सेकंदाला साधारण दोन हेलकावे येतात, पांढरी पाच असेल तर एक. वादकाला वाटते तार उतरली. तो ट्यूनर पाहतो, ट्यूनर बरोबर दाखवतो आणि सूर तरी डुलतच राहतो. जनरेटरवर तर ५० हा आकडाही स्थिर नसतो.

प्रोसेसरमधला नॉइज गेट याच्यावर उपाय म्हणून विकला जातो. तो सूर थांबल्यावर आवाज बंद करतो, सूर वाजत असताना हम सुरासोबत निघतोच. ईक्यूने ५० कापावे तर पांढरी पाच आणि काळी चारही कापल्या जातात. म्हणजे उपाय यंत्रात नाही, जोडणीत आहे. प्रोसेसर आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स ठेवावा. दोन उपकरणांमधला विजेचा संबंध तो तोडतो, आवाज तेवढा पुढे जाऊ देतो. त्यावर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. निम्म्याहून अधिक मांडवांत तेवढे दाबले की हम जातो.

हे न करता आपल्याकडे जे केले जाते त्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. थ्री-पिनची जाड अर्थ पिन पकडीने तोडली की हम थांबतो, म्हणून ती सर्रास तोडली जाते. त्यानंतर कुठल्याही उपकरणात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायची वाट वादकाच्या अंगातून असते. एका हातात गिटारच्या तारा, ओठांजवळ माइक, पायाखाली पाणी मारलेली जमीन. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ मध्ये स्वॉन्झी इथे भर मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मेला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पिन तुटलेली दिसली तर बोर्ड बदलून मागावा. मागताना लाजू नये. सुपारी गेली तरी चालेल.

विजेचे दुसरे दुखणे म्हणजे ती जाते. मेनलाइनवरून जनरेटरवर जाताना मधे अंधाराचे काही क्षण येतात. डिजिटल यंत्र तेवढ्यात बंद पडते आणि पुन्हा जागे व्हायला वेळ घेते. गायक पुढच्या ओळीवर गेलेला असतो. झूमचा बी-वन फोर आणि बॉसचा जीटी-वनबी ही दोन छोटी यंत्रे चार पेन्सिल सेलवर चालतात. आमच्या जिल्ह्यात हा गुण आवाजाच्या दर्जाइतकाच मोलाचा आहे, कारण ॲडॅप्टरच्या वाटेने येणारा हमही त्यामुळे टळतो. याउलट एचएक्स स्टॉम्पला नऊ व्होल्टवर तीन अँपियर लागतात आणि त्यात सेल बसत नाहीत. ॲडॅप्टर बिघडला म्हणून मोंढ्याजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून नऊ व्होल्टचा दुसरा आणण्याआधी त्यावरचे चिन्ह पाहा. या यंत्रांना पिनच्या मध्यभागी ऋण टोक लागते, बाजारातल्या बऱ्याच ॲडॅप्टरांना मध्यभागी धन असते. चुकीचा लावला तर यंत्र कायमचे जाऊ शकते.

मागच्या पिनांबद्दल. साऊंडवाल्याची लांब केबल बहुधा एक्सएलआर असते, त्याच्या भाषेत कॅनन. छोट्या प्रोसेसरांना ती नसते, फक्त पी-३८ असते. बी-वन फोर, जीटी-वनबी आणि महागडा एचएक्स स्टॉम्प, तिन्ही याच माळेतले. झूमच्या जुन्या बी-थ्रीला एक्सएलआर होती, नव्या बी-थ्री-एनमध्ये ती काढून टाकली. नवे म्हणजे सगळ्या बाबतींत पुढचे असे नसते, ते असे. पी-३८ ची साधी केबल मंचाच्या टोकापासून दूरच्या मिक्सरपर्यंत ओढली की वाटेतली सगळी घरघर ती गोळा करते. म्हणून डीआय बॉक्स पुन्हा यादीत येतो. प्रोसेसरमधून निघालेला आवाज ताकदवान असतो, त्याला साधा पॅसिव्ह डीआय पुरतो. महागडा ॲक्टिव्ह घेण्याची गरज नाही.

आता लोक ज्याने सुरुवात करतात ते, इफेक्ट. ऑक्टेव्ह घेतला तर तो वापरायचा कुठे ते ठरवून घ्या. जाड मोकळ्या तारेचा खालचा सप्तक म्हणजे २० हर्ट्‌झ. तो कानालाही नीट कळत नाही आणि स्पीकरला तर पेलतच नाही. वरच्या तारांवर, सातव्या पडद्यापुढे ऑक्टेव्ह लावला की जुन्या डिस्को गाण्यांतला सिंथ बेस छान उभा राहतो. की-बोर्डवाल्याचा डावा हात तिथे मोकळा होतो आणि पथकाला तुमची गरज उरते. कोरस संथ गाण्यांना, थोडाच. मींड घेणाऱ्या फ्रेटलेस बेसवर तो शोभतो. रिव्हर्ब बेसला नको.  राहिले ॲम्प सिम्युलेशन. यंत्रांत जगातले नामांकित ॲम्प्लिफायर नावे थोडी बदलून भरलेले असतात. अँपेगचा १९६९ सालचा तीनशे वॅटचा एसव्हीटी लाइन सिक्सच्या यादीत ‘एसव्ही बीस्ट’ होऊन बसतो. मेहकरच्या मुलाने मूळ एसव्हीटी उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो, त्यामुळे तो किती हुबेहूब आहे या चर्चेत त्याने पडू नये. त्याच्या कामाचा भाग कॅबिनेट सिम्युलेशन हा आहे. तारेची कर्कश टिकटिक त्याने कापली जाते, नाहीतर टॉपच्या हॉर्नमधून ती कान किसते. बेसचा खरा ॲम्प समोर असेल तेव्हा मात्र ते बंद करायचे.

मांडणी घरी केली जाते आणि तिथेच एक फसगत होते. १९३३ मध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आवाज वाढला की तो बरोबरीला येतो. रात्री घरचे झोपल्यावर हेडफोनमध्ये हळू आवाजात बसवलेल्या पॅचमध्ये (यंत्रात साठवलेल्या मांडणीत) म्हणूनच खर्ज जास्त भरला जातो. मैदानात तो दुप्पट होऊन अंगावर येतो. मांडणी शक्यतो दिवसा, मोठ्या स्पीकरवर, पथकाच्या सरावातच करावी. सगळ्या पॅचची पातळी सारखी ठेवावी. एका पॅचवरून दुसऱ्यावर जाताना आवाज उडी मारू लागला, की साऊंडवाला कायमचा तुमच्या विरोधात जातो.

कार्यक्रमाच्या ठिकाणी सुधारायला वेळ मिळेल ही आशा करू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. मोजक्या दिवशी शासन बारापर्यंत सवलत देते. आपल्याकडे सत्कार आणि भाषणे लांबतात, गाण्याला जेमतेम वेळ उरतो आणि साऊंड चेक म्हणजे ‘हॅलो हॅलो’ एवढाच. अशा वेळी चार पॅच खूप झाले. एक कोरा आणि दाबलेला, एक ढोलकीच्या गाण्यांसाठी आखूड, एक थोडा ड्राइव्ह असलेला, एक ऑक्टेव्हचा. शंभर पॅचची यादी पायाने उलटत बसलेल्या वादकाचा ठोका हमखास चुकतो.

पायावरून एक बारीक गोष्ट. मूर्ती किंवा प्रतिमा ठेवलेल्या मंचावर आपण चपला काढून चढतो. परदेशी यंत्रांची बटणे बुटासाठी केलेली असतात, काहींची स्प्रिंग इतकी कडक की अनवाणी पायाच्या अंगठ्याची दोन तासांत दैना होते. दुकानात बूट काढून बटण दाबून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या.

मॉडेलांबद्दल निकाल द्यायचाच तर तो असा. महिन्यात चार-सहा तारखा करणाऱ्या, स्वतःचा ॲम्प नसलेल्या वादकाने सेलवर चालणारे छोटे यंत्र घ्यावे, बी-वन फोर किंवा जीटी-वनबीच्या जातीचे. उरलेल्या पैशांतून डीआय बॉक्स आणि दोन चांगल्या कॉर्ड घ्याव्यात. जीटी-वनबी यूएसबीने संगणकाला जोडून ध्वनिमुद्रणही करता येते, त्यामुळे घरी गाणी बसवणाऱ्याला तो बरा. एचएक्स स्टॉम्पला या छोट्या यंत्रांच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. स्टुडिओचे काम नियमित असेल, तर ते वसूल होतील. केवळ मांडवासाठी तो घेणे म्हणजे कर्ज काढून हौस करणे आहे. जुने यंत्र घ्यायचे असेल तर प्रत्येक बटण दहा वेळा दाबून, प्रत्येक पिन हलवून पाहा आणि फॅक्टरी रीसेट करून मगच पैसे द्या.

पुढच्या प्रकरणांचा क्रम असा आहे. पहिले कॉर्ड, डीआय बॉक्स आणि अर्थिंगवर आहे, दुसरे कंप्रेसर आणि ईक्यूवर. यंत्रांची तुलना अगदी शेवटी येते. वाचकांना विनंती आहे की पहिले प्रकरण वगळून थेट तुलनेच्या तक्त्याकडे जाऊ नये. आणि नवीन प्रोसेसर घेण्याआधी, आता जे हाताशी आहे तेच एकदा डीआय बॉक्समधून मिक्सरला जोडून वाजवून पाहावे.